गुरुजींच्या वहीतली माणसं

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधावरून फुटलेल्या डोक्यांचे तर किती पंचनामे केले त्याचा हिशेब नाही. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. पण भीमपूर मंडळातल्या चाळीस उंबऱ्यांच्या एका वस्तीत तीन आठवड्यांत चार माणसं गेली, आणि ठाण्याचा प्रमुख म्हणून मी एका म्हाताऱ्या बाईला सगळ्यांसमोर जीपमध्ये बसवून नेलं, ते दिवस जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहेत. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. गेलेल्यांची नाही आणि मागे राहिलेल्यांचीही नाही.

पैनगंगेच्या अलीकडची ती वस्ती. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आमचं तेलुगू राज्य. सगळी बौद्ध घरं. आजे-पणजे दुसऱ्यांच्या शेतात राबले, नातवंडं मास्तर झाली, कचेरीत कारकून झाली. वस्तीच्या मधोमध विहार, आणि विहाराला लागून एक अंधारी खोली. वस्तीचा मोठा मान एका निवृत्त गुरुजींना होता. सत्तरीचे, पांढरा सदरा, बोलणं मोजकं. शाळा सुटली तरी मास्तरकी काही सुटली नव्हती. रस्त्यात पोराच्या शर्टाचं बटण उघडं दिसलं तरी थांबवून लावायला लावत.

या गुरुजींनी एक रीत घातली होती. वस्तीत कुणी वारलं की तिसऱ्या दिवशी विहारात सगळे जमायचे, वंदना व्हायची आणि मग गुरुजी वहीतून त्या माणसाचं आयुष्य वाचून दाखवायचे. कुठे जन्मला, काय कष्ट केले, कुणाच्या उपयोगी पडला. शेवटची ओळ ठरलेली असे: आवड. म्हणजे त्या माणसाला खायला काय आवडायचं ते. मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आमच्या बापजाद्यायचं नाव कोन्या कागदावर नव्हतं. आता कागद आमच्या हाती हाये, तं लिवलं पायजे." मला ते फार पटलं होतं.

तर, पावसाळा सरत आला होता. सकाळची हजेरी चालू असताना ठाण्यातला फोन वाजला. माझ्या हेड कॉन्स्टेबलने उचलला आणि माझ्याकडे दिला. ते तेलुगू माणूस, मराठी समजायचं, पण फोनवरची वऱ्हाडी त्यांना झेपायची नाही.

"साहेब, आमच्या वस्तीत पंधरा दिवसात तीन मान्सं गेली. चौथं बी जाईन. मौतीच्या घरी भाकरी कोन थापते, थे इचारा."

"तुम्ही कोण बोलता?"

फोन बंद झाला.

निनावी फोन करणाऱ्याला चौकशी नको असते. निकाल त्याने मनात देऊन टाकलेला असतो, आपण फक्त शिक्का मारायचा. म्हणून असा फोन आला की मी आधी फोन करणाऱ्याला शोधायचो. इथे तो तासाभरात सापडला. कचेरीत नोकरीला असलेला, चाळिशीचा, त्याच वस्तीतला कारकून. मेलेल्या तिघांपैकी दुसरी म्हणजे त्याची आई. ती वस्तीची दाई होती.

मी आणि हेड कॉन्स्टेबल वस्तीत पोचलो तेव्हा तिसऱ्या मयताच्या घरी लोक बसले होते. हा तिसरा म्हणजे गाणारा म्हातारा. वस्तीच्या रिवाजाप्रमाणे मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. वस्ती त्यांना जेवू घालते, आणि बरोबरीची म्हातारी माणसं सोबतीला बसतात, तिथेच जेवतात. कारकुनाने मला बाजूला घेतलं.

"आमी भानामती मानत नाई, साहेब. शिकल्या-सवरल्याची वस्ती हाये ही. बाजूच्या गावचे लोक भानामती म्हनून राह्यले, आमी त्यायले हासतो. पन जहर तं जहर असते ना?"

शेजारची गावं जिला भानामती करणारी म्हणत होती, तिलाच हा शिकलेला माणूस विष घालणारी म्हणत होता. शब्द बदलला होता, बाई तीच होती.

ती बाई वस्तीच्या टोकाला एकटी राहायची. सगळे तिला माय म्हणत. सत्तरीच्या पुढची, काटक, विधवा. वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक मौतीच्या घरच्या भाकरी तिनेच थापलेल्या. तिच्यासारखी भाकरी कुणाला जमत नसे, हे तिचे वैरीही कबूल करायचे. पण तिची एक गोष्ट लोकांच्या डोळ्यांत सलत होती: दुसऱ्यांना वाढायची, स्वतः तिथे घास घ्यायची नाही. चाळीस उंबऱ्यांत एवढं पुरे होतं.

पहिला मयत ऐंशीच्या पुढचा होता, झोपेतच गेला. त्यात काही वावगं नव्हतं. पण दाई आणि गाणारा म्हातारा दोघेही सारखेच गेले होते. आधीच्या मयताच्या घरी बसायला गेले, दोन दिवसांत उलट्या, दरदरून घाम, तोंडातून लाळ, अंग थरथरणं, आणि खेळ संपला. आणखी चारपाच म्हाताऱ्यांना तसाच त्रास होऊन गेला होता. वयाचं माणूस, पावसाळ्याचे दिवस, म्हणून कुणी शवविच्छेदनाचा विचार केला नाही. दोघांनाही अग्नी दिला गेला होता. माझ्या हातात प्रेत नाही, नमुना नाही, फक्त एक संशय. मी विहिरीच्या पाण्याचे नमुने पाठवायला लावले, मायच्या घरी जाऊन चार प्रश्न विचारले आणि निघालो. निघताना गुरुजींच्या पत्नीने मला जेवायला बसा म्हटलं. पंगत मांडली होती, भाकऱ्या वाढल्या जात होत्या. मी ड्यूटीवर आहे म्हणून नको म्हणालो. त्या पदर सावरून बायकांच्या ओळीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींच्या पत्नी वारल्या.

मी ते ऐकलं तेव्हा हातातला चहाचा पेला खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. ज्या पंगतीसमोर मी उभा राहून आलो होतो, त्याच पंगतीत त्या जेवल्या होत्या. काहीतरी माझ्या डोळ्यांदेखत वाढलं गेलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

वस्तीत पोचलो तर मायच्या दारापुढे पन्नाससाठ माणसं. दोन दगड पत्र्यावर पडून गेले होते. कारकून सगळ्यांत पुढे. माय आत कोपऱ्यात उकिडवी बसलेली, डोकं गुडघ्यांत. गुरुजी विहाराच्या पायरीवर बसून होते. ज्यांच्या एका शब्दाने जमाव मागे सरला असता, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांच्या घरात प्रेत होतं, मी त्यांना काय बोलणार?

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन चौकशी करायची असते. हा नियम मी दुसऱ्यांना शिकवत आलो होतो. पण त्या क्षणी तिला तिथे ठेवणं म्हणजे जमावाच्या हाती देणं होतं. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि जीपमध्ये बसवलं. वाचवायला नेतोय हे मला ठाऊक होतं. बघणाऱ्यांना दिसलं ते एवढंच, की पोलिसांनी म्हातारीला उचललं. कुणीतरी म्हणालंही, "झालं, सापडली."

ठाण्यामागच्या एका महिला कॉन्स्टेबलच्या क्वार्टरमध्ये तिची सोय केली आणि तिथेच चौकशीला बसलो. जबाबाच्या सुरुवातीचे ठरलेले प्रश्न सगळे विचारले, तिने सगळ्यांची उत्तरं दिली. मग मी मुद्द्यावर आलो.

"भाकरीत काय टाकलंत?"

"पीठ आन् पानी. मौतीच्या भाकरीत मीठ बी नाई टाकत."

"मग तुम्ही का खात नाही?"

तिने तोंड उघडून दाखवलं. वर दोन, खाली एक. "दात कुठी हायेत, साहेब? घरी जाऊन भात कालवून खातो."

"लोक म्हणतात तुम्हीच मारलं."

"काऊन मारीन मी?" ती आवाज न चढवता म्हणाली. "माह्या वयाचे वस्तीत चारच राह्यले होते. त्यायले मारून मी बोलू कोनासंगं?"

आज ते वाक्य मला पूर्ण पटतं. त्या दिवशी मात्र मी कडक झालो होतो. डोळ्यांत पाणी आणून खोटं बोलणारे मी इतके पाहिले होते, की हिच्या कोरड्या डोळ्यांचाही मला संशय आला. आवाज चढवला, टेबल वाजवलं, तेच प्रश्न उलटसुलट विचारले. साप म्हणून भुई धोपटायचं काम चाललं होतं. ती थकून भिंतीला टेकली. पण उत्तर बदललं नाही.

गुरुजींच्या पत्नीचं शवविच्छेदन झालं. विषबाधा असावी, असं डॉक्टरांनी तोंडी सांगितलं. व्हिसेरा तपासणीला हैदराबादला गेला. अहवाल यायला महिना-दीड महिना. तोवर मी करायचं काय? वस्तीत चौथ्या मयताची तीन दिवसांची बैठक सुरू होणार होती. खरी गुन्हेगार माझ्या ताब्यात असेल तर आता कुणी मरणार नाही. नसेल तर? या 'नसेल तर'ने माझी झोप उडवली होती. घरी जेवायला बसलो की ताटाकडे बघत राहायचो. बायको म्हणायची, खात का नाही, आणि मी ताट तसंच ठेवून उठायचो.

मयतांच्या तारखा आणि आजाराचे दिवस नीट मांडावेत म्हणून मी गुरुजींची वही मागवून घेतली होती. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उघडून बसलो. सुबक, एका वळणाचं अक्षर.

पहिला मयत. तरुणपणी विहिरी खोदणारा. गुरुजींनी लिहिलं होतं: 'यांनी बारा विहिरी खोदल्या. त्यांतल्या एकीचंही पाणी त्या काळी यांना स्वतःच्या हातानं काढू दिलं गेलं नाही.' पुढे शाळेत घंटा द्यायला लागले. आभाळ भरून आलं की पोरं कोरडी घरी पोचावीत म्हणून घंटा पाच मिनिटं आधी द्यायचे, आणि हेडमास्तरांचं घड्याळच मागे आहे म्हणून भांडायचे. आवड: गरम भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

दुसरी, दाई. दवाखाना झाल्यावर बायकांनी बोलावणं सोडलं, तरी प्रत्येक बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला शेक नीट देतात का, हे बघून यायची. बोलावलं नाही म्हणून रुसायची नाही. आवड: दुधात कुस्करलेली भाकरी.

तिसरा गायन पार्टीत पेटी वाजवायचा, गळा बसला तेव्हा वस्तीच्या पोरींना पेटी शिकवायला लागला. स्वतःच्या लग्नात स्वतःच गायला होता, कारण दुसरा गाणारा परवडत नव्हता. आवड: शिळी भाकरी, वर तेल-तिखट. सून भात वाढायची तर ताट सरकवून द्यायचा.

चौथ्या पानावर गुरुजींनी पत्नीचं नाव लिहिलं होतं. खाली काही नाही.

भाकरी, भाकरी, भाकरी. मी वही मिटली आणि हेड कॉन्स्टेबलना म्हणालो, घ्या, भाकरीनेच मेलेत सगळे. घरातले तरुण सरकारी तांदळाचा भात खातात, त्यांना काही झालं नाही. भाकरी खाणारे म्हातारे तेवढे गेले. आणि भाकरी थापते ती. आता अजून काय पुरावा पाहिजे?

ते शांतपणे हजेरीपुस्तक बंद करत म्हणाले, "सार, हाथ तो बीस साल से वहीच है. आटा किधर का है, वो पूछो."

मला कुणीतरी गालावर मारल्यासारखं झालं. चार दिवस मी हाताची चौकशी करत होतो. पिठाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

मी तसाच मागच्या क्वार्टरमध्ये गेलो. माय दारात बसली होती.

"ज्वारी कुठली असते, माय?"

"मौतीच्या कोठीतली. इहाराच्या बाजूच्या खोलीत हाये ना. सुगीत घरटी एक पायली टाकतेत सारे. कोनी गेलं का तेवढ्यासाठीच उघडतेत."

"किल्ली?"

"गुरुजीजवळ."

"ज्वारी पाखडता, धुता?"

तिने माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. "मौतीच्या घरी सूप वाजवत नाई, साहेब. कोठीतून काढली का सीदी चक्कीवर. खाली खाली पांढरी भुकटी येऊन राह्यली होती. मले वाटलं, सोंडे किड्यायनं खाल्लेलं पीठ असन."

"कुणी काही बोललं नाही?"

"दाई म्हने, कडू लागते. मी म्हनलं, दुःखाचा घास गोड कसा लागन, बाई?"

कोठी पहिल्या मयतासाठी उघडली होती. मग दुसऱ्यासाठी. प्रत्येक मरण कोठी उघडत होतं, आणि जसजशी ज्वारी खाली जात होती तसतशी भुकटी वाढत होती. आज गुरुजींच्या घरी तिसरा दिवस. प्रेत दवाखान्यात अडकल्यामुळे आधीचे दोन दिवस पंगत बसली नव्हती. विहारात सकाळची वंदना, मग पंगत. मी घड्याळ बघितलं. बारा वाजून गेले होते.

गुरुजींचा फोन बंद. कारकुनाचा लागेना, वस्तीत एका लिंबाखालीच रेंज यायची. रस्ता अठरा किलोमीटरचा, पावसाने उखडलेला. ड्रायव्हरला मी आयुष्यात कधी इतकं घालूनपाडून बोललो नसेन. वाटेत सोयाबीनची एक गाडी आडवी आली, बैल हटेनात, आणि मी खाली उतरून चिखलात स्वतः चाकाला हात लावला. मनात एकच हिशेब: पंगत बसली असेल की नाही? आधी पोरं जेवतात की म्हातारे? मला आठवत होतं, म्हातारे.

पंगत बसलेली होती. मी बूट घालून मयताच्या अंगणात शिरलो आणि ओरडलो, "ताटं खाली ठेवा. भाकरीला कुणी हात लावू नका."

कारकून उठून आडवा आला. "साहेब, मौतीच्या घरात बूट घालून? म्हातारी तं तुमच्याजवळ हाये ना? आज भाकरी माह्या बायकोनं थापल्या."

"हात बदलला, ज्वारी तीच आहे. ठेव खाली."

तिघांनी दोनचार घास घेतले होते. त्यांना जीपमध्ये घालून लगेच दवाखान्यात पाठवलं. एकाला रात्रभर सलाईनवर ठेवावं लागलं, पण तिघेही वाचले. मी गुरुजींकडे किल्ली मागितली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढून दिली, कशाला ते विचारलं नाही. कोठीतली तळाची ज्वारी मी एका घमेल्यात उपसून बाहेर उजेडात आणली आणि म्हणालो, सूप आणा.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकही उठली नाही. शेवटी हेड कॉन्स्टेबल एका घराच्या भिंतीवरून सूप काढून घेऊन आले आणि खाली बसून पाखडायला लागले. मयताच्या दारात सूप वाजलं तशा दोन म्हाताऱ्यांनी कानांवर पदर घेतला. सुपाच्या पुढे पांढरी पूड उडाली आणि तिचा उग्र दर्प आला. तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याने तो ओळखला. कपाशीवर फवारायच्या औषधाचा.

गुरुजी ते बघत होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "थे मी टाकलं."

हेड कॉन्स्टेबलनी सूप खाली ठेवलं.

"सोंडे झाले होते. दरसाली कोठीत ठेवाले गोळ्या आनतो, औंदा भेटल्या नाईत. एका वावरात फवारनीची पुडी उरली होती, थे आनून टाकली. मले वाटलं, जेवाच्या आधी पाखडतीन, धुतीन. बायका पाखडतेतच ना? घरी तं रोज पाखडते."

मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "मौतीची ज्वारी पाखडत नसतेत, गुरुजी."

"कवापासून?"

"पयलेपासून."

गुरुजींनी पत्नीच्या फोटोकडे बघितलं. सत्तर वर्षं ते या वस्तीत राहिले होते, शेती त्यांनी कधी केली नव्हती, आणि मौतीच्या घरी बायका मागच्या अंगणात काय करतात, काय करत नाहीत, हे कधी बघितलं नव्हतं. स्वतः ते त्या पंगतीला जेवतच नसत. त्या वेळात घरी बसून मयताचं आयुष्य लिहीत. बायकांना पुडीचं ठाऊक नव्हतं. गुरुजींना सुपाचं ठाऊक नव्हतं. ज्या दोन गोष्टी एकत्र कळल्या असत्या तर तीन माणसं वाचली असती, त्या एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्या. ते पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही आवरलं नाही, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा दाखल केला. अटक दाखवली, जामीन झाला. अहवालही पुढे तोच आला. निकाल लागायच्या आधीच गुरुजी वारले.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची आहे. मायला मी जीपमधूनच परत सोडलं. नेताना सगळी वस्ती बघत होती. आणताना बहुतेक दारं लोटलेली होती. तिच्या ओट्यावर गुरुजी मी परत पाठवलेली वही घेऊन बसले होते. ते उठून उभे राहिले.

"चुकलो, माय. त्या दिवशी बोलाले पायजे होतं."

ती ओट्यावर टेकली. मग गुरुजींनी खाली मान घालून विचारलं, "तिले काय आवडे, थे सांगशीन काय? मी भाकरी लिवलं होतं. मंग वाटलं, इचारून घ्याव."

"भात आवडे तिले," माय म्हणाली. "तुमाले भाकर लागे, मंग दोन दोन सैपाक कोन करन? अन् मौतीच्या घरी भात लेकरायपुरता असे. म्हनून तिथी बी भाकरच खाये."

गुरुजींनी तिथेच बसून ते लिहिलं. फार वेळ लागला त्या एका शब्दाला.

वर्षभराने बंदोबस्तावरून येताना मी मुद्दाम त्या वस्तीत गेलो. मौतीची कोठी मोडून टाकली होती. आता मयताच्या घरी भात शिजतो, असं कळलं. माय ओट्यावर बसली होती. मला ओळखलं.

"साहेब, मी सुटली ना?"

"तुमच्यावर गुन्हाच नव्हता, माय. सुटायचा प्रश्नच नाही."

"मंग बोलावत काऊन नाई कोनी?"

मी विषय बदलून तब्येतीचं विचारलं. खरं उत्तर मला माहीत होतं. तिला दगड मारणारे लोक वाईट नव्हते, फक्त ओशाळले होते. आणि ओशाळलेला माणूस ज्याचा अपराध केला त्याच्या डोळ्यांसमोर जायचं टाळतो. पण त्यांच्या आधी मी होतो. मी तिला दंडाला धरून नेलं होतं. पोलिसाने संशय सगळ्यांसमोर घ्यायचा आणि तो मागे घ्यायचा मात्र फक्त फाइलमध्ये, ही आमच्या खात्याची जुनी खोड. तिला परत सोडताना मी विहाराच्या पायरीवर उभं राहून मोठ्याने सांगायला हवं होतं, की या बाईने काही केलेलं नाही, चूक माझी झाली. दोन मिनिटांचं काम होतं. पुढच्या नोकरीत मी ते प्रत्येक वेळी केलं. तिच्यासाठी केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मुधोळच्या बाजूला, निवृत्तीनंतरच्या माझ्या घरी फोन आला. तोच कारकून. या वेळी त्याने आधी नाव सांगितलं.

"साहेब, माय गेली. गुरुजीच्या मागून वही मी लिवतो. पन तिच्याबद्दल सांगनारं कोनी नाई उरलं. तिच्या वयाचे सारे गेले. तुमी तिचा जबाब घेतला होता ना? तुमाले काई याद असन तं..."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. विहारात सगळे बसले होते, आणि मी उभा राहून एका आरोप नसलेल्या बाईचा जबाब सांगितला. तिचं माहेर नदीपलीकडचं. लग्नात वय तेरा. नवरा वीटभट्टीवर पाय घसरून गेला. दोन लेकरं झाली, दोन्ही वर्षाच्या आत गेली. दोघांची नावं तिने मला सांगितली होती, ती मी सांगितली. ती नावं त्या खोलीत कुणीच कधी ऐकली नव्हती. भाकरी थापायला सासूने नव्हे, नवऱ्याने शिकवलं होतं. मग तिथे उभं राहूनच, फार उशिरा, मी माझी चूक सांगितली.

कारकून लिहीत होता. शेवटच्या ओळीवर येऊन त्याने मान वर केली.

"आवड, साहेब?"

मला सांगता आलं नाही. पाच तास मी त्या बाईला प्रश्न विचारले होते, त्यात तो प्रश्न नव्हता. मी बसलेल्या लोकांकडे बघितलं. म्हाताऱ्या बायकांकडे, तरुणांकडे. सगळ्यांनी वर्षानुवर्षं तिच्या हातचं खाल्लेलं होतं. कारकुनाने ती ओळ कोरी ठेवून वही मिटली.